चार तारांची चौकशी

२ मार्च

ठकू,

आशीर्वाद नेहमीसारखेच आहेत असं समज. ते मी बंद केले नव्हते, फक्त पोचवत नव्हतो.

माझं अक्षर बघून दचकली असशील. तुझ्याशी बोलणार नाही, असं मी दोन वर्षांपूर्वी दारात उभं राहून म्हणालो होतो आणि त्यावर मी ठाम आहे. लिहिणार नाही असं काही म्हणालो नव्हतो. ही पळवाट तुझ्या आईने काल शोधून काढली.

तेव्हा हे पत्र रागाचं नाही. समेटाचंही नाही. चौकशीचं आहे.

तुझी आई तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा स्पीकर लावते. भाजी चिरायला हात मोकळे लागतात, असं तिचं म्हणणं. परवा भाजी नव्हती, तरी स्पीकर होता. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. तू सांगत होतीस की तिथला एक कारागीर हाताने बेस गिटारी बनवतो, त्याच्याकडची एक हलकी गिटार तुला घ्यायची आहे, पण वर्षभरात तिचा भाव दीडपट झालाय आणि एक तारखेपासून तो आणखी वाढवणार आहे. घ्यावी की नाही, तेच कळत नाही म्हणालीस. आईने विचारलं, "किती गं?" तू आकडा सांगितलास आणि माझा चष्मा नाकावरून खाली आला. मी नोकरीला लागलो तेव्हा तेवढ्यात खात्याने गाडी घेतली होती.

मनगटाचंही ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले की हे असंच चालू राहिलं तर वाजवणं सोडावं लागेल. वाद्यवृंदाचा दौरा पुढच्या महिन्याअखेर निघतो आणि तोवर हात बरा झाला नाही तर तुझ्या जागी दुसरं कुणी घेतील. याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी फक्त भावाबद्दल विचारतोय.

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून जन्म घालवल्यावर मला एक साधा प्रश्न पडतो. साध्या गिटारीला सहा तारा, तुझ्या बेस गिटारीला चार. मग चार तारांचे जास्त पैसे कसले? माल कमी आणि भाव जास्त, हे एखाद्या किराणावाल्याने केलं असतं तर मी त्याचा काटा जप्त केला असता. शिवाय तुमचे ते चार सूर ऐकू कुणाला येतात? गाणाऱ्याचा आवाज येतो, ढोल येतो, तुझं काय येतं? टोमणा मारत नाही, खरंच विचारतो.

उत्तर नाही दिलंस तरी हरकत नाही. मी माझ्या पातळीवर चौकशी सुरू करतोय.

तुझे बाबा


७ मार्च

ठकू,

उत्तर मिळालं. "बाबा, दुकानात जाऊन हातात घेऊन बघा, मग विचारा." एवढंच. सहीसुद्धा नाही. पण पाकिटावर तिकीट जास्तीचं लावलं होतंस, म्हणजे लवकर पोचावं असं वाटत असणार, असा मी अर्थ काढला. आई म्हणते, तुझ्याकडे कमी किमतीचं तिकीट नसेल.

चौकातल्या मोठ्या वाद्यांच्या दुकानात गेलो. माझ्यावर लक्ष ठेवायला आईही आली. मालक चांगला गुटगुटीत आहे. मला बघितल्याबरोबर गल्ल्यावरून उठून उभा राहिला. "साहेब, आमच्याकडे वजनावर काहीच विकत नाही हो!"

आई म्हणाली, "घाबरू नका, ते आता नुसतेच बघतात."

एका बेस गिटारीवरचं किमतीचं लेबल मी सवयीने नखाने उचललं. खाली दुसरं लेबल. त्याच्या खाली तिसरं. एकाच गिटारीच्या तीन किमती, चढत गेलेल्या. मी म्हटलं, "ही इथे टांगल्या टांगल्या महाग झाली?"

"साहेब, ही विकली तर दुसरी आणायला मला वरच्या लेबलाएवढे मोजावे लागतात. खालच्या लेबलाने विकून उद्या भिंतीला काय टांगू, स्वतःला?"

मग तो सुटलाच. चांगलं लाकूड मिळेनासं झालंय, वाहतूक महागलीय, तांबं महागलंय. लोक घरात अडकून पडले होते त्या काळात ज्याने त्याने वाद्यं घेतली, तेव्हा भाव चढले. मग लोक बाहेर पडले, भाव काही उतरले नाहीत. वर आणखी संग्राहक. हे लोक गिटारी घेतात आणि वाजवत नाहीत. मी विचारलं, "वाजवत नाहीत तर घेतात कशाला?" म्हणाला, "भाव वाढतो ना." "भाव का वाढतो?" "लोक घेतात ना." असे आम्ही दोघं दोनदा गोल फिरलो, शेवटी आईने आम्हाला थांबवलं.

चार तारांचं उत्तर मात्र त्याने नीट दिलं. तारा जाड, ओढ जबर, मान लांब. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर ती मान वर्षभरात धनुष्यासारखी वाकते. वाळवायला वर्षं जातात आणि त्या वर्षांचे पैसे घेतात. हे मला पटलं. वेळेचे पैसे कुणी उघडपणे मागितले तर मला राग येत नाही.

मी माझा स्प्रिंगचा ताणकाटा पिशवीतून काढला. हो, नेला होता. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग, दोन्ही त्याला टांगून बघितल्या. महागडी हलकी निघाली! मी विजयाने आईकडे बघितलं. मालक म्हणाला, "साहेब, हलकी हवी म्हणूनच तर जास्त मोजतात." कमी भरल्याबद्दल जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मग म्हटलं, आता परीक्षाच घेऊ. मी आणि आई भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मालक कधी स्वस्त वाजवणार, कधी महाग, आम्ही ओळखायचं. मला काही म्हणजे काही कळेना. मी जी महाग म्हणायचो ती स्वस्त निघायची. आई मात्र दर वेळी बरोबर. मी चिडून म्हटलं, "तुला सूर कधीपासून कळायला लागले?"

"सुरांचं नाही हो," ती म्हणाली. "स्वस्तातली वाजवताना ते श्वास धरून ठेवतात."

मालक ओशाळला. म्हणाला, बाई बरोबर बोलतात, तिच्या तारा दाबायला जोर लागतो. आणि तिचं डोकं जड आहे, ते डाव्या हाताने सतत उचलून धरावं लागतं. मी म्हटलं, बघू. पट्टा गळ्यात अडकवला आणि दोन्ही हात सोडले. मान धाडकन खाली गेली आणि खुंट्या त्याच्या स्टुलावर आदळल्या. तो बिचारा त्या फडक्याने पुसत राहिला.

ठकू, तराजूची दांडी अशी झुकलेली असती तर मी ते दुकान बंद केलं असतं. तू रोज तासन् तास हे डाव्या मनगटावर तोलून धरतेस? मला वाटायचं वाजवणं म्हणजे बोटांचं काम. हे मला खरंच माहीत नव्हतं. मालकाला विचारलं तर म्हणतो, नावाजलेल्या महाग गिटारींतही हा दोष असतो, पण त्यांच्या बाबतीत लोक त्याला तिचा स्वभाव म्हणतात.

निघताना मी काहीच घेतलं नाही याचं त्याला वाईट वाटू नये म्हणून आईने एक तारांचा जोड घेतला. कशाला लावायचा ते तिलाच ठाऊक.

तुझे बाबा


११ मार्च
(हे टाकायचं राहिलं होतं. का, ते पुढे कळेल.)

ठकू,

आज मी खूश आहे. का ते क्रमाने सांगतो.

तुझी जुनी बेस गिटार पलंगाखालून काढली. तीच, स्वतःचे हात थरथरायला लागल्यावर तुझ्या गिटारीच्या सरांनी तुला दिलेली, आणि फार झुकते म्हणून तू इथेच ठेवून गेलेली. गळ्यात अडकवली. हिची मान तर दुकानातल्या गिटारीपेक्षाही खाली जाते. पण लाकूड असं सुंदर वाळलेलं, की बोटाने टकटक केलं तरी खणखणतं. मला वाटलं, हिला दोषच एक आहे, आणि तो नेमका माझ्या खात्यातला.

लोखंडी वजन झिजून हलकं भरायला लागलं की आपण काय करतो? त्याच्या पोटातल्या खळग्यात शिसं ठोकून भरायचं, बरोबर झालं की त्यावर शिक्का. तूही आठ महिने आमच्या खात्यात नोकरी केलीस, तुला काय सांगायचं. पण ठोकायचं काम दुरुस्तीवाल्याचं आणि शिक्क्याचं माझं, असा नियम. त्यामुळे ठोकायची माझी हौस राहूनच गेली होती.

सुताराकडून गिरमिट आणलं. गिटारीच्या पाठीला, पट्टा अडकवायच्या खालच्या खुंटीजवळ, एक गोल खळगा पाडला. ताणकाट्यावर मान किती ओढते ते बघून गणित मांडलं, तेवढं शिसं कापलं आणि एकदमच ठोकून बसवलं. हातोडीचा आवाज ऐकून आई दोनदा येऊन गेली. खात्याचा शिक्का निवृत्तीच्या दिवशी जमा केलाय, म्हणून खिळ्याने नुसतं चालू साल कोरलं.

आणि काय सांगू! पट्टा गळ्यात, दोन्ही हात सोडले, आणि गिटार जागच्या जागी आडवी. अगदी टेबलासारखी. मी तशीच गळ्यात ठेवून घरभर फिरलो. आईने दिलेला चहासुद्धा गिटारीसकट प्यायलो.

आई एवढंच म्हणाली, "तिला विचारलंत का?" मी म्हटलं, चांगल्या कामाला विचारायचं काय असतं!

तेव्हा तुझ्या त्या कारागिराला सांग, भाव हवा तेवढा वाढव, आमचं भागलं. उद्या सकाळी पहिलं काम हे पत्र टाकणार आणि मग गिटारीसाठी खोका शोधणार.

तुझे बाबा


१२ मार्च

ठकू,

काल पत्र लिहिणार होतो, पण घरातली कामं निघाली.

सकाळी आईला आलेला तुझा फोन मी ऐकला नाही. म्हणजे ऐकला. थोडा थोडा. आपली जुनी गिटार ज्या कारखान्यात झाली तो बंद पडला, बनवणारा म्हातारा गेला, आणि आता त्याच्या हातच्या गिटारींना सोन्याचा भाव आलाय म्हणतेस. तुमच्या शहरातला एक संग्राहक ती घ्यायला तयार आहे आणि येणाऱ्या पैशांत तुझी नवी हलकी गिटार येते, वर पट्टाही येतो. अट एकच, सगळं मूळचं हवं, एक स्क्रूही बदललेला नको. हे सगळं मला आनंदाचंच वाटलं.

शेवटी तू म्हणालीस, "बांधायचं काम बाबांना सांग, त्यांच्यासारखं कुणाला बांधता येत नाही." हेही ऐकलं.

सध्या खोका मिळत नाही. बाजारात खोक्यांची टंचाई आहे. शिवाय पार्सलवाले फार हयगय करतात असं ऐकतो. दोनचार दिवस लागतील.

दरम्यान माझी चौकशी चालूच आहे, म्हणून काही शंका विचारतो. निव्वळ माहितीसाठी. समज, अशा एखाद्या जुन्या गिटारीला मागच्या बाजूने, जिथे कुणाचं लक्षही जात नाही अशा ठिकाणी, काही सुधारणा केलेली असली, तर तिचा भाव वाढतो का? वाढत नसल्यास तसाच राहतो का? संग्राहक लोक गिटार उलटी करून बघतात का, की भिंतीला टांगायची म्हटल्यावर पुढचीच बाजू बघतात? आणि वजनाने थोडी जास्त भरली तर गिऱ्हाईकाचा फायदाच, असं ते मानत असतील ना?

आई इथे बाजूला उभी राहून वाचतेय. तिची मुद्रा बघून पत्र संपवतो.

तुझे बाबा


१५ मार्च

ठकू,

११ तारखेचं पत्र सोबत जोडलंय. ते आधी वाच, मग हे. आईने दोन दिवसांची मुदत दिली होती, ती आज संध्याकाळी संपते. त्याआत हे पत्र टाकलं नाही तर ती तुला फोन करणार आहे. माझं मी सांगितलेलं बरं.

गिटारीला भोक पाडलं ते मी. शिसं भरलं ते मी. कुणी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी छापखान्याच्या मागे एक वाद्यं दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडे गिटार घेऊन गेलो. भरून काढता येतं का विचारायला. त्याने खोक्यातून काढली, पुढून बघितली आणि त्याचे डोळे असे चमकले की मला बरं वाटलं. मग उलटी केली. शिशावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "काका, हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "एका ओळखीच्या माणसाने."

"त्या ओळखीच्या माणसाला सांगा, तीन चतुर्थांश किंमत त्याने या भोकातून घालवली." आणि मग भोक बुजवायचं विचारलं तर म्हणतो, बुजवता येतं हो, पण बुजवलेलं भोक हे त्या लोकांच्या लेखी भोकच. ते आरसा घालून बघतात. पुढे जे म्हणाला ते ऐकून तर मी त्याच्या स्टुलावर बसलोच. "झुकत होती म्हणून केलं ना? रुंद, आतून खरखरीत असा चामड्याचा पट्टा घेतला असता, तरी निम्मा त्रास गेला असता."

एक पट्टा, ठकू. आणि मी गिरमिट घेऊन बसलो.

मग त्याने गिटार गळ्यात अडकवली आणि वाजवायला लागला. थोडं वाजवून परत करेल असं मला वाटलं होतं. तो थांबेचना. डावा हात मानेवर असा मोकळा फिरत होता, जसा कठड्यावरून फिरतो. छापखान्यातला माणूस येऊन दारात उभा राहिला. मी तेव्हा पहिल्यांदा जरा लक्ष देऊन ऐकलं. आवाज कानाला कमी आणि मी बसलो होतो त्या स्टुलाला जास्त येत होता. वाजवून झाल्यावर तो म्हणाला, "विकायची असेल तर वाटोळं झालंय. वाजवायची असेल तर मला माहीत नाही, काका. मी अशी तोललेली गिटार हातात धरली नव्हती."

हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. तुला विकायचीच होती.

फरक मी भरून देऊ शकतो, थोडा थोडा. तू घेणार नाहीस हे ठाऊक आहे. निघालीस त्या दिवशी तू माझ्याकडून गाडीभाडंही घेतलं नव्हतंस. तरी सांगून ठेवतो.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते लिहितो. तू नोकरी सोडून गेलीस तेव्हा मला वाटायचं, चार महिन्यांत हौस फिटेल आणि परत येशील. मग आठ महिने म्हणालो. मग वर्ष. मनगटाचं ऐकलं त्या दिवशीही मनात पहिला विचार तोच आला होता, की आता येईल. आईला हे मी सांगितलेलं नाही, पण तिला माहीत आहे. आणि आता तू खरोखर परत यावीस अशी सोय मीच करून ठेवलीय, माझ्या हाताने, चहा पीत पीत. तर मला ते नकोय. तुझं वाजवणं माझ्यामुळे सुटलं, हे मला सहन होणार नाही. मला भीती वाटतेय, ठकू.

गिटार आज दुपारी पाठवली. आहे तशी. खोका मिळत होता, टंचाई नव्हती. बांधणी चांगली केली आहे.

तुझे बाबा


५ एप्रिल

ठकू,

वीस दिवस या घरात फोन वाजला की मी पेपर उलटा धरत होतो. तू आईशी बोलत होतीस आणि माझं नाव निघालं की "बरं ठेवते" म्हणत होतीस. ते रास्तच होतं. आईने स्पीकर मात्र बंद केला नाही.

काल तुझं पत्र आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. आईने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं, मग तिने माझ्याकडून काढून घेतलं. आत्ता ते तिच्या चष्म्याच्या घरात आहे, त्यामुळे आठवणीवरून उत्तर देतोय.

संग्राहक भोक बघून हसला आणि खांदे उडवून गेला, हे वाचून वाईट वाटलं. कारागिराने एक तारखेला भाव वाढवले आणि ती हलकी गिटार आता तुझ्या आवाक्यात राहिली नाही, हे वाचून त्याहून वाईट वाटलं. पहिले तीन दिवस तू खोका उघडलाच नाहीस आणि मला काय काय बोललीस, ते तू लिहिलंयस. शब्द योग्य होते. त्यातला एक मला नवीन होता, आईला अर्थ माहीत निघाला.

पण मग तू तालमीला तीच घेऊन गेलीस. सबंध तालीम वाजवलीस आणि घरी आल्यावर तुझ्या लक्षात आलं, की मनगटाची आठवणच झाली नाही. दुसऱ्या दिवशी परत तसंच. डॉक्टरांनी हात दाबून बघितला आणि असंच चालू द्या म्हणाले. दौऱ्यातली तुझी जागा पक्की झाली. हे वाचताना आईचा आवाज बसला, तेव्हा पुढचं थोडं मी वाचलं आणि मग माझाही बसला. म्हणून ते वाचन जरा लांबलं.

माझ्या चौकशीचा निकाल विचारलास. महाग गिटार पैसे वसूल करते का? माझं म्हणणं असं. दुकानदाराने भाव काय लावावा हे आमच्या खात्याचं काम कधीच नव्हतं. शेरभर म्हणून दिलेलं शेरभर भरतं का, एवढंच आम्ही बघायचो. त्या नजरेने बघितलं तर भिंतीवर टांगलेली गिटार कितीही महाग असली तरी तिचं माप घेताच येत नाही, कारण ती कुणी वाजवतच नाही. आणि तुझ्या कारागिराची गिटार, जिने तुझा हात वाचला असता, ती त्याने सांगितलेल्या भावाला महाग नव्हती. माझा चष्मा उगाच खाली आला होता. पुढे कधी पैसे जमले तर ती जरूर घे. माझ्या शिशावर कायम विसंबू नकोस.

आता खांद्याचं. मनगट सुटलं पण डावा खांदा भरून येतो, असं लिहिलंयस. येणारच. मी गणित मांडलं ते गिटार माझ्या गळ्यात अडकवून. माझा खांदा केवढा, तुझा केवढा! मला आकडे बरोबर आले आणि माणूस चुकला. शिसं जास्त झालंय, काढायला हवं. तुझा कारागीर हात लावायला तयार नाही. "ज्याने भरलं त्यालाच बोलवा, मी छेडलं तर हा तोल जाईल," असं म्हणाला, आणि तू ते लिहून त्यापुढे काहीच लिहिलं नाहीस. तिथे पत्र संपलं. मी पान उलटून बघितलं, आईनेही बघितलं.

मी येतो. शनिवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं. छिन्नी, हातोडी, ताणकाटा घेतलाय. आई म्हणाली, मी येऊन काय करू, शिसं काही मला काढता येत नाही. मग अर्ध्या तासाने तिनेही पिशवी भरली. तो तारांचा जोड तिने वर ठेवलाय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुला वेळ काढता येईल. या खेपेला गणित चालणार नाही. शिसं घालताना घाई केली, काढताना करता येत नाही, कारण जास्त निघालं तर मान परत झुकेल. चिमूटभर काढायचं, मग तू वाजवायचंस. चांगला तासभर, रोज वाजवतेस तसं, खांदा काय म्हणतो ते कळेपर्यंत. मग परत चिमूटभर. तू वाजवत असताना मला समोर बसावंच लागेल, त्याला इलाज नाही. मी काही बोलणार नाही.

हे असं किती दिवस चालेल ते आत्ता सांगता येत नाही. परतीचं तिकीट आम्ही काढलेलं नाही.

तुझे बाबा